मॅंडोलिनचा डावा हात

मॅंडोलिन हातात घेतली की बहुतेकांचे लक्ष उजव्या हाताकडे जाते. पिक धरून तारांवर भराभर काढलेला तो थरथरता नाद ऐकायलाही गोड आणि बघायलाही. पण या वाद्याचा खरा इतिहास डाव्या हातात आहे असे मला वाटते, आणि त्या इतिहासात आपला गोवाही थोडा येतो.

1768 साली पॅरिसमध्ये गाब्रिएले लिओने या इटालियन वादकाने एक शिक्षणपुस्तक छापले. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'व्हायोलिनवरून मॅंडोलिनकडे जाण्याची सयुक्तिक पद्धत' असा होतो. म्हणजे वाचकाला व्हायोलिन येते असे गृहीत धरलेले! कारण उघड आहे. नेपल्सच्या मॅंडोलिनच्या तारांच्या चार जोड्या नेमक्या व्हायोलिनच्याच चार स्वरांत लावतात, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात. दांडीची लांबीही जवळपास तेवढीच. त्यामुळे बोटांचा हिशेब तोच राहिला. गिटारवर साधारणपणे एका पडद्याला एक बोट, तर इथे चार बोटांत सात पडदे! तर्जनी दुसऱ्या पडद्यावर, मधले बोट चौथ्यावर, अनामिका पाचव्यावर आणि करंगळी सातव्यावर. सातव्या पडद्यावर पुढच्या मोकळ्या तारेचाच स्वर मिळतो.

हे जमायचे तर बोटे दांडीला काटकोनात ठेवून चालत नाही. ती तिरकी, घोडीच्या दिशेने कललेली हवीत. दांडी अंगठ्याची कड आणि तर्जनीचे मूळ यांच्यामध्ये अलगद टेकते. मात्र अंगठ्याच्या बेचक्यात ती रुतता कामा नये, खाली थोडी फट राहिली पाहिजे. तळवा दांडीला चिकटवायचा नाही, मनगट मोडायचे नाही. बोटाचे टोक पडद्याच्या लगेच मागे टेकवायचे, म्हणजे कमी जोरात स्वच्छ स्वर निघतो. आणि वाद्याचे ओझे डाव्या हातावर मुळीच नको. ते मांडीने, उजव्या कोपराने किंवा पट्ट्याने पेलायचे, नाहीतर हात दांडीवर सरकणार कसा? 1835 च्या सुमारास नेपल्सच्या पास्क्वाले विनाच्चियाने वाद्यात सुधारणा करून पोलादी तारा बसवल्या. नाद वाढला आणि बोटांना घट्टेही आले.

आता आपल्याकडे वळू. पोर्तुगीज अमलात इगर्जीच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या परंपरेतून मुंबईच्या सिनेमाला किती वादक मिळाले हे गोंयकाराला सांगायला नको. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) त्यांतलेच. त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि प्यारेलालांचे जोडीदार लक्ष्मीकांत वाजवीत मॅंडोलिन! जोडी दोघांची, वाद्ये दोन, डाव्या हाताचा नकाशा मात्र एकच. ही गोष्ट मला फार आवडते.

आज आपल्या गावांत गिटार शिकवणारे पुष्कळ आहेत, म्हणून मॅंडोलिनही त्यांच्याकडेच शिकायला घालतात. माझ्या भाचीला असाच अंगठा दांडीमागे मधोमध ठेवायला शिकवले होते. करंगळी सातव्या पडद्यापर्यंत पोचेना, बोटे दुखू लागली, आणि पोरीला वाटले आपला हातच लहान. मी तिला गावातल्या एका व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्यांकडे नेले. त्यांनी मॅंडोलिन कधी वाजवली नव्हती, पण अंगठा दोन मिनिटांत जागेवर आणला.

हिंदुस्थानी रागाने मात्र या हाताला वेगळेच काम लावले. पडदे असलेल्या वाद्यावर मींड काढायची कशी? त्यात तारा जोडीच्या, एक ओढावी तर दुसरी मागे राहते. संगीतकार सज्जाद हुसेन (1917–1995) यांनी या वाद्यावर राग वाजवून दाखवले. पुढे आंध्रातल्या पालकोल्लूच्या यू. श्रीनिवास (1969–2014) यांनी जोड्याच काढून टाकल्या. पाच सुट्या तारांची विजेवरची मॅंडोलिन घेऊन ते कर्नाटक संगीतातली गमके वाजवू लागले. त्यांचे गुरू सुब्बराजू गायक होते. ते गाऊन दाखवीत आणि मुलगा ते तारेवर शोधी. कोणते बोट कुठे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागले.