बापाचं देणं कुणाच्या माथी?

नागपूरकर भोसल्यांचा जबलपुरातला अंमल १८१७ साली संपला. मराठी वस्ती मात्र राहिली. राजा गोकुळदासांच्या घराण्याच्या पेढीमुळे हे शहर पुढे सावकारीसाठी नावाजलं. त्या काळी बाप गेला म्हणून वहीतलं खातं मिटत नसे.

त्यामागे धर्मशास्त्राचं बळ होतं. ऋण डोक्यावर ठेवून मेलेल्याला परलोकी गती नाही, म्हणून ते फेडणं पुत्राचं कर्तव्य. स्मृतिकार बृहस्पतीने पायऱ्याही आखून दिल्या : मुलाने व्याजासकट फेडावं, नातवाने नुसतं मुद्दल, पणतूला माफी. याज्ञवल्क्याने तर दारू, बाई आणि जुगारापायी झालेलं देणं मुलाच्या माथ्यावरून साफ उतरवलं.

मुंबई इलाख्यात मात्र वारशात दमडी न मिळालेल्या मुलालाही कोर्ट जबाबदार धरी. हे थांबलं १८६६च्या सातव्या कायद्याने. वारसाने द्यायचं ते हाती आलेल्या मालमत्तेपुरतंच, असं ठरलं.

तरीही १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा उसळला आणि दख्खनमधल्या अनेक गावांत सावकारांची कर्जखतं जाळली गेली. रयतेच्या डोक्यावर वाडवडिलांच्या कर्जाचा केवढा बोजा आहे, हे चौकशी आयोगाच्याही नजरेत भरलं. मेख सहीत होती. बापाच्या जुन्या खताच्या जागी मुलाने स्वतःच्या नावाचं नवं खत करून दिलं, की कर्ज त्याचंच होई. मग १८६६चा कायदा काय कामाचा?

जबलपूर मध्य प्रांतात, त्यामुळे मुंबईचा हा कायदा तिथे लागू नव्हता. तिथे वाट दाखवली ती लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील कोर्टाने. १८७४च्या गिरधारीलाल खटल्यापासून सूत्र पक्कं झालं : बापाचं कर्ज अनैतिक कामासाठी नसेल, तर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला मुलाचा हिस्साही त्यात जाऊ शकतो.

हे धार्मिक कर्तव्य कायद्यातून गेलं ते थेट ९ सप्टेंबर २००५ रोजी. हिंदू वारसा कायद्याच्या सुधारित कलम ६ने, त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ या कर्तव्यापोटी मुलाला कोर्टात खेचण्याचा सावकाराचा हक्क काढून घेतला.

आज सावकाराच्या जागी क्रेडिट कार्डाची बँक आहे. तिचं येणं मृताच्या मालमत्तेतून वसूल होतं; दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती. वडिलांच्या कार्डावर मुलाला ॲड-ऑन कार्ड असलं, तरी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे देणं मूळ कार्डधारकाचंच. वसुलीसाठी घरच्यांना त्रास देण्यालाही त्यात मनाई आहे.

तेव्हा वडील गेल्यावर बँकेला मृत्यूचा दाखला द्यावा, कार्ड बंद करायला सांगावं, थकबाकीचा हिशेब लेखी मागावा. वाटलं तर खुशाल फेडावं. पण कर्ज स्वतःच्या नावावर घेणाऱ्या कागदावर, नीट वाचल्याशिवाय आणि वकिलाला विचारल्याशिवाय, सही करू नये.