चायना भात

फ्राइड राइस हा मुळात शिळ्या भाताचा पदार्थ आहे. इथून सुरुवात करू, म्हणजे पुढची भानगड सोपी जाईल.

चीनमधल्या यांगझोऊ शहराच्या नावाने जगभर हॉटेलांत भात मिळतो, पण घरोघरी त्याचं काम एकच. काल उरलेलं आज संपवायचं. आमच्या नृसिंहवाडीत हेच काम फोडणीचा भात करतो. कारणही दोन्हीकडे तेच. भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, शीत कडक होतं आणि कढईत परतताना मोडत नाही. ताज्या भाताचा फ्राइड राइस करायला गेलात तर खिचडी होणार, आणि तो इंद्रायणी असेल तर खळ! साधा कोलम घ्यावा, मोकळा शिजवावा, ताटात पसरून निववावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. (बाहेर ओट्यावर नको. गरम हवेत राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो आणि नंतर कितीही परतलं तरी त्याचं विष जात नाही.) आणि एका वेळी दोन वाट्यांच्या वर भात टाकू नये, कारण घरच्या गॅसला हॉटेलच्या भट्टीचा जोर नाही. जास्त टाकला की कढई गार पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि खेळ खलास.

आमची आजी याला ‘चायना भात’ म्हणते. गुरुवारी आणि चातुर्मासात तो कांदा-लसणाशिवाय होतो. दत्ताच्या गावात राहायचं म्हणजे हे आलंच. मग उरतं काय? कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, आलं आणि सोया सॉस. आता यात चिनी ते काय, असं कोणीही विचारेल. भाज्या तर विलायती!

पण मंडळी, गंमत इथेच आहे. आमच्या घाटावरून वाहणारी कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथे १८३० च्या दशकापासून १८६० च्या दशकापर्यंत इंग्रजांचा एक तुरुंग होता आणि त्यात सिंगापूर, मलाक्का, पेनांगकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी होते. हे लोक तिथे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवायचे, वेताच्या टोपल्या विणायचे. सुटल्यावर काही तिथेच राहून बागा करू लागले. महाबळेश्वरचा ‘चायनामन फॉल’ पाहिलाय ना? त्याच्या वरच्या अंगाला या चिनी माणसांच्या बागा होत्या, म्हणून ते नाव. म्हणजे चिनी माणूस कृष्णेच्या उगमाशी येऊन भाजीपाला लावून गेला, तेही आपल्या गावात पहिली चायनीजची गाडी लागायच्या शंभरहून जास्त वर्षं आधी. त्या बागवानांची नावं मात्र धबधब्यावर नाहीत. नुसताच ‘चायनामन’!

स्वखुशीने आलेले चिनी मुख्यतः कलकत्त्याला उतरले. पहिला ठाऊक असलेला माणूस तोंग आच्यू. त्याने १७७८ च्या सुमारास वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून हुगळीकाठी साखर कारखाना काढला. (साखर कारखाना म्हटल्यावर आम्हा शिरोळ तालुकेवाल्यांचे कान टवकारणारच.) त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. मागून कँटनी सुतार आले, हाक्का चांभार आले. आपण ‘हाक्का नूडल्स’ म्हणतो ना, ते एका समाजाचं नाव आहे, मसाल्याचं नव्हे.

आणि मग १९६२. युद्ध २० ऑक्टोबरला सुरू झालं आणि महिन्याभरात थांबलं. पण त्या काळात आसाम-बंगालमधल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत (आपली वर्ध्याची देवळी नव्हे) नेऊन ठेवलं. म्हातारे, पोरं, गरोदर बाया, सगळे. बरेचसे इथेच जन्मलेले, चीन कधी न पाहिलेले. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. परत आले तेव्हा अनेकांची घरंदारं, दुकानं लिलावात गेलेली. कित्येक जण चीनला, नंतर कॅनडाला निघून गेले. शाळेत आम्हाला १९६२ शिकवलं, त्यात हे एका ओळीतही नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा नोकरीला लागून चार वर्षं झाली होती, आणि त्या रात्री मला काही धड सुचलं नाही.

ज्या देशाने हे केलं, त्याच देशाच्या जिभेला पुढच्या पंधरा वर्षांत चायनीजची चटक लागली. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईत आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये त्यांनी आलं-लसूण-मिरचीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मांचुरियन केलं, असं ते स्वतः सांगत. गरम मसाला मात्र गाळला! नंतर गाड्या आल्या, ‘शेजवान’ आलं (खऱ्या सिचुआनमध्ये हे शोधायला जाऊ नका), आणि १९९० च्या दशकात चिंग्जची पाकिटं. २०२४ मध्ये ती बनवणारी कंपनी टाटांनी घेतली तेव्हा तिची किंमत ५,१०० कोटी रुपये धरली होती.

असो. आईला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “मग त्या लोकांचं मुंबईत कोणी उरलंय का रे?” उरलेत, थोडे. माझगावात १९१९ चं त्यांचं देऊळ आहे, क्वान कुंग या योद्ध्या देवाचं. चिनी नववर्षाला तिथे उदबत्त्या लागतात. पुढच्या फेब्रुवारीत रजा टाकून जायचा विचार आहे. कोणी येणार असेल तर कळवा.