भार प्रेषण
वीजजाळ्यातील मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी राखण्याचे काम. ही व्यवस्था राष्ट्रीय असली तरी पुढील नोंदीत ती मुख्यतः महाराष्ट्राच्या, आणि तिच्या शेवटच्या टोकाला असलेल्या मुखेड (जि. नांदेड) तालुक्याच्या अंगाने पाहिली आहे.

मुखेडच्या शिवारात विहिरीवरची मोटार सुरू झाली, की तिला लागणारी वीज त्याच घडीला कुठेतरी तयार व्हावी लागते. परळीला, चंद्रपूरला किंवा थेट छत्तीसगडात. हा मेळ बसतो आहे की नाही ते एकाच आकड्यावरून कळते. तो आकडा म्हणजे वारंवारता. औष्णिक केंद्रातले दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला 3,000 फेरे घेते, तेव्हा 50 हर्ट्झची वीज मिळते. मागणी चढली की फेरे मंदावतात, उतरली की वाढतात. भारतात ही वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात राखणे अपेक्षित आहे. फार खाली घसरली, तर उपकेंद्रांतील रिले कुणालाही न विचारता ठरलेले फीडर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या, बंद पाडतात.

लक्ष ठेवणारी केंद्रे तीन पातळ्यांवर आहेत. सर्वांत वर नवी दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र. खाली पाच विभागीय केंद्रे. त्यांपैकी पश्चिम विभागाचे मुंबईत असून महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा त्याच्या कक्षेत येतात. त्याखाली प्रत्येक राज्याचे आपले केंद्र. महाराष्ट्राचे राज्य भार प्रेषण केंद्र नवी मुंबईत ऐरोली येथे आहे आणि ते महापारेषण ही राज्याची पारेषण कंपनी चालवते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडून प्रत्येक भागात कोणी किती वीज द्यायची आणि कोणी किती घ्यायची, हे आदल्या दिवशीच ठरते. स्वस्त वीज आधी, महाग नंतर, असा क्रम असतो. ठरल्यापेक्षा जास्त ओढणाऱ्या राज्याला दंड बसतो.

देशाचे जाळे एकदम जोडले गेले नाही. 1990 च्या दशकात पश्चिम आणि दक्षिण विभागांत चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथून एकदिश प्रवाहाचा दुवा होता. त्यातून वीज जाई, पण दोन्हीकडची वारंवारता वेगळीच राही. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि सारा देश एका तालावर आला. मराठवाड्याला जाळ्याचा उपयोग मात्र दुष्काळात समजला. 2013 मध्ये आणि पुन्हा 2015–16 मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तरी चंद्रपूरकडची वीज येत राहिली.

जाळे मोठे झाले की पडझडही मोठी होते. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी बीना–ग्वाल्हेर वाहिनीवर अतिभार येऊन ती बंद पडली. पहिल्या दिवशी उत्तर विभाग कोसळला, दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य विभागही. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार झाला, पण पश्चिम विभाग बचावला. उलट प्रकारची परीक्षा 5 एप्रिल 2020 रोजी झाली. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवायचे होते. सगळे एकदम मालवले तर जाळे कोसळेल, असा इशारा राज्याचे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिला होता. देशाची मागणी 31,000 मेगावॉटने घटली. औष्णिक केंद्र इतक्या झपाट्याने उतरवता किंवा चढवता येत नाही. ते काम जलविद्युत केंद्रांनी केले आणि वारंवारता 49.70 ते 50.26 च्या आत राहिली. महाराष्ट्रात अशा वेळी भरवसा असतो तो 1,960 मेगावॉटच्या कोयनेचा. मात्र तिथे पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीला वापरायचे पाणी वर्षाला 67.5 टीएमसीच (अब्ज घनफूट), म्हणून ते जपून सोडावे लागते.

ऐरोलीच्या पडद्यावर अतिउच्चदाब उपकेंद्रांपर्यंतचे जाळे दिसते. त्यापुढचा 33 आणि 11 किलोव्होल्टचा पसारा महावितरण या वितरण कंपनीच्या नांदेड परिमंडळाकडे आहे. मुखेडच्या गावात लाइट गेली तर त्याचे कारण बहुधा याच पसाऱ्यात असते: वाऱ्याने चिकटलेल्या तारा, उडालेला फ्यूज, जळालेली डीपी (गावचे रोहित्र). देशात वीज मुबलक असतानाही डीपी बदलून मिळेपर्यंत पीक वाळते, आणि ही तूट कोणत्याही भार प्रेषण केंद्राच्या हिशेबात येत नाही.

तुटवडा खरोखर असतो, तेव्हा कोणाची वीज कापायची हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. 2005 नंतरच्या भारनियमनात महावितरणने वीजगळती आणि वसुली पाहून फीडरचे गट पाडले. खालच्या गटांत मराठवाड्यातले फीडर मोठ्या संख्येने होते. वेळेवर बिल भरणाराही त्याच फीडरवर असल्याने तोही अंधारात बसे. वारंवारता सावरण्याच्या साधनाकडून वसुलीचे काम करून घेतले, असेच याला म्हणावे लागते.

शेतीपंपांना चक्राकार पद्धतीने दिवसा आठ किंवा रात्री दहा तास थ्री फेज मिळते. रात्रीची पाळी असली की कोण उठणार, म्हणून मोटारीला ऑटोस्विच लावतात. वीज येताच फीडरवरच्या साऱ्या मोटारी एकदम उठतात. प्रत्येक मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि फीडर ट्रिप होतो. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण सांगत असते. पण पाळी रात्रीची आहे तोवर ऑटोस्विच निघणार नाही.

शेजारच्या देगलूर तालुक्याला लागून तेलंगणाची हद्द आहे. तिथे 1 जानेवारी 2018 पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू झाली. दोन्हीकडच्या तारांत वारंवारता एकच. तास किती द्यायचे, हे ज्या त्या राज्याने ठरवले. महाराष्ट्राने एप्रिल 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ केले, तास मात्र वाढवले नाहीत.

पाळी दिवसा आणण्याचा प्रयत्न मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून (2017, दुसरा टप्पा 2023) चालू आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला तिथली वीज द्यायची, अशी ही योजना. त्यामुळे पंपांचा भार रात्रीकडून दिवसाकडे सरकतो. आभाळ भरून आले की मात्र हेच फीडर पुन्हा जाळ्याकडे वीज मागतात, आणि तो अंदाज बांधण्याचे काम ऐरोलीला नव्याने करावे लागते.