एकाच पुस्तकातले दोन आजार : अमेरिकेचे माजी सैनिक आणि जुगार

आजची गोष्ट एका दवाखान्यापासून सुरू होते. अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळ, ब्रेक्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथं माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय होतं. डॉ. रॉबर्ट कस्टर हे मनोविकारतज्ज्ञ तिथं दारूच्या व्यसनावर उपचार करत. जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या 'गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस' या गटानं त्यांच्याकडे मदत मागितली. १९७२ मध्ये कस्टर यांनी जुगाऱ्यांना दाखल करून घेऊन उपचार सुरू केले. अमेरिकेतला असा हा पहिला उपक्रम. तोवर जुगारी म्हणजे वाया गेलेला माणूस. त्याला दवाखान्यात खाट कशाला, असाच समज होता.

साल लक्षात घ्या. व्हिएतनाममधून सैनिक परतत होते. झोप नाही, दचकून उठणं, माणसांत मन न रमणं. या त्रासाला अधिकृत नाव नव्हतं. माजी सैनिक आणि काही मनोविकारतज्ज्ञ त्यासाठी झगडले. अखेर १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 'पीटीएसडी', म्हणजे आघातोत्तर तणावविकार, आला. आणि गंमत बघा, त्याच आवृत्तीत जुगाराचा विकारही पहिल्यांदा आला. त्यामागे कस्टर यांचा मोठा वाटा होता. पण दोघांची प्रकरणं वेगळी! जुगाराला व्यसनांच्या रांगेत बसायला २०१३ उजाडलं.

आता तुम्ही म्हणाल, या दोन आजारांचा संबंध काय? यंत्रासमोर बसलेल्या माणसाला काही आठवावं लागत नाही. बटण दाबा, चित्रं फिरतात, तेवढा वेळ डोकं शांत. ज्याला आठवणींपासून पळायचंय, त्याला ही जागा बरी वाटते. पुढे कर्ज वाढतं, घरात लपवालपवी होते, आणि मूळच्या दुखण्यावर दुसरं दुखणं चढतं. दारूला वास तरी येतो. जुगाराला तोही येत नाही.

इथं इतिहासाची दुसरी बाजू येते. १९५१ च्या कायद्यामुळे अमेरिकेतल्या लष्करी तळांवरून स्लॉट मशीन हटली. परदेशातल्या तळांवर मात्र सरकारच ती चालवत राहिलं. मिळालेला पैसा सैनिकांच्याच करमणुकीवर आणि सोयींवर खर्च होतो! संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७ मध्ये अहवाल दिला, तेव्हा अशी ३,००० हून जास्त यंत्रं होती. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे : जुगाराच्या विकाराचं निदान झालेले सैनिक वर्षाला ०.०३ टक्क्यांहूनही कमी.

मग प्रश्न एवढा छोटा होता का? तसं म्हणता येत नाही, कारण सैन्यात याबद्दल पद्धतशीर विचारलंच जात नव्हतं. सैनिकानं आपणहून सांगावं, तर नोकरीची आणि गोपनीय कामाच्या परवानगीची भीती. विचारणारा नाही, सांगणारा नाही; मग आकडा लहानच दिसणार. नियमित आरोग्यतपासणीत जुगाराचे प्रश्न घाला, असा कायदा संसदेनं केला तो २०१९ या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षण विधेयकात. ब्रेक्सव्हिलनंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं!

उपचार १९७२ पासून हाताशी होता. उशीर झाला तो प्रश्न विचारायला. आणि त्या उशिराची किंमत मोजली घराघरांनी. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.