सरकारी घरांच्या भाड्याला मर्यादा कोण घालते?

कर्नाळा किल्ल्यामुळे परिचित असलेल्या पनवेल तालुक्यात, कोन येथे, शासनाच्या भाडेतत्त्वावरील गृहयोजनेतून इमारती उभ्या राहिल्या. प्रत्यक्षात ही घरे भाड्याने दिली गेली नाहीत. ती गिरणी कामगारांना विकण्यात आली. अल्प भाड्याची हमी कशावर अवलंबून असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कायदा नव्हे, योजनेची अट

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याखालील भाडेकरूच्या भाड्यात घरमालकास दरवर्षी ४ टक्के वाढ करता येते. मात्र शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू होत नाही. तेथे भाड्याची मर्यादा येते ती योजनेच्या अटींतून आणि करारातून.

कोनचा अनुभव

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २००८ मध्ये भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. विकासकाला चार चटईक्षेत्र निर्देशांक द्यायचा आणि त्या बदल्यात १६० चौरस फुटांची घरे प्राधिकरणाने विनामूल्य घ्यायची, अशी ही रचना होती. बांधकामाचा खर्च वसूल करावयाचा नसल्याने मासिक भाडे ८०० ते १५०० रुपयांच्या दरम्यान ठेवणे शक्य होईल, असा हिशेब होता.

पुढे शासनाचे धोरण बदलले. दोन घरे जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर करण्यात आले. डिसेंबर २०१६ मध्ये म्हाडाने कोन येथील २,४१७ घरांची गिरणी कामगारांसाठी सोडत काढली. किंमत सुमारे ६ लाख रुपये होती. करोनाकाळात या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्याने ताबा आणखी लांबला. कामगारांना हक्काचे घर मिळाले. परंतु घर विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठीची भाड्याची घरे तेवढ्याने कमी झाली.

केंद्राचे सूत्र

केंद्र सरकारच्या २०२० च्या परवडणाऱ्या भाडे गृहसंकुल योजनेत भाडेवाढीचे सूत्र निश्चित करण्यात आले. प्रारंभीचे भाडे स्थानिक सर्वेक्षणावर आधारित. त्यानंतर दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढ आणि पाच वर्षांत एकूण वाढ २० टक्क्यांपेक्षा अधिक नाही. उदाहरणार्थ, ३,००० रुपये भाडे दोन वर्षांनी ३,२४० आणि चार वर्षांनी सुमारे ३,५०० रुपये होईल. संकुले २५ वर्षे भाड्यानेच देण्याचे बंधनही या योजनेत आहे. २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना - शहरी २.० मध्येही भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे.

अमेरिकेत करसवलत घेऊन बांधलेल्या घरांचे भाडे त्या भागातील उत्पन्नाच्या पातळीशी जोडलेले असते. केंद्राच्या सूत्रात वाढीला लगाम आहे. परंतु मूळ भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या किती टक्के असावे, याचे बंधन नाही.

त्यामुळे अशा घरासाठी अर्ज करताना केवळ जाहीर झालेला भाड्याचा आकडा पाहून चालत नाही. कराराची मुदत, भाडेवाढीचे कलम, देखभाल शुल्क वेगळे आहे काय आणि घर भाड्यासाठी किती वर्षे राखीव आहे, या बाबी तपासून घेणे आवश्यक ठरते.