जायफळाचे बेट आणि मॅनहॅटन

रुन हे इंडोनेशियाच्या मालुकू भागातील बांदा बेटांपैकी सर्वांत पश्चिमेचे बेट. लांबी सुमारे ३ किलोमीटर, रुंदी १ किलोमीटरही नाही. ‘या बेटाच्या बदल्यात डचांनी इंग्रजांना मॅनहॅटन देऊन टाकले, खरे की खोटे?’ असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आवडीने घातला जातो आणि उत्तराच्या रकान्यात बहुधा ‘खरे’ असे छापलेले असते. ते अर्धेच खरे आहे.

रुनला किंमत आली ती जायफळामुळे. जायफळाचे सदाहरित झाड मूळचे बांदा बेटांतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारात येणारे जवळजवळ सगळे जायफळ याच चिमुकल्या बेटांवर पिकत असे. फळ पिकले की मधोमध उकलते आणि आत लालभडक जाळीत गुंडाळलेली काळसर बी दिसते. ही जाळी वाळली की जायपत्री, आणि बीचे कवच फोडून काढलेला गर म्हणजे जायफळ. एकाच फळातून दोन मसाले मिळत, आणि दोन्हींना युरोपात सोन्याचा भाव होता. जायफळ जवळ बाळगल्याने प्लेग दूर राहतो, अशीही तिकडे समजूत होती.

बांदाला राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणवणारे गावोगावचे मातब्बर कारभार पाहत. बेटांवर धान्य पुरेसे पिकत नसल्याने जावा आणि मलायाकडचे व्यापारी तांदूळ, साबुदाणा आणि हिंदुस्थानी कापड आणत व त्याबदली जायफळ नेत. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतल्यावर लगेच, १५१२ मध्ये, पोर्तुगीज जहाजे बांदाला पोचली. पण तेथे त्यांना पाय रोवता आले नाहीत. डच आले १५९९ मध्ये. सगळे जायफळ फक्त आम्हालाच विका, असे करार त्यांनी ओरांग कायांच्या गळ्यात मारले. तांदळावर जगणाऱ्या बेटांना एकाच गिऱ्हाइकाशी बांधून घेणे परवडणारे नव्हते, त्यामुळे करार मोडत राहिले. १६०९ मध्ये बोलणी करायला आलेला डच नौदलप्रमुख फेरहूफ याला बांदावासीयांनी ठार केले.

या भांडणात रुनच्या लोकांनी इंग्रजांचा आसरा घेतला. डिसेंबर १६१६ मध्ये नॅथानिएल कोर्टहोप ‘स्वॉन’ आणि ‘डिफेन्स’ ही दोन जहाजे घेऊन आला आणि बेटवासीयांनी इंग्लंडच्या राजाचे सार्वभौमत्व मान्य केले. इंग्लंडने परदेशात मिळवलेल्या पहिल्या मुलखांत रुनची गणना होते ती त्यामुळेच. पण दोन्ही जहाजे डचांच्या हाती गेली आणि मूठभर माणसांनिशी कोर्टहोप वेढ्यात अडकला. बेटावर झरा नाही, पावसाचे साठवलेले पाणी पुरवून प्यायचे. तरीही तो जवळपास चार वर्षे टिकला. ऑक्टोबर १६२० मध्ये डचांनी त्याला समुद्रावर गाठून मारले.

पुढच्याच वर्षी डच गव्हर्नर जनरल यान पीटर्सझून कून मोठे आरमार घेऊन बांदावर उतरला. मे १६२१ मध्ये ४४ पुढाऱ्यांना डच किल्ल्याजवळ बांबूच्या कुंपणात कोंडून जपानी भाडोत्री सैनिकांकडून कापून काढण्यात आले. बाकीचे तलवारीने, उपासमारीने आणि रोगाने मेले, किंवा गुलाम म्हणून बटाव्हियाला गेले. सुमारे १५,००० लोकवस्तीतून बेटांवर हजारभर माणसे उरली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. काही जण होड्यांतून कै बेटांकडे निसटले. बांदाची मूळ भाषा आजही बोलली जाते ती तिथेच. रिकाम्या जमिनीचे ६८ मळे पाडून ते डच मळेवाल्यांना दिले गेले आणि कामाला गुलाम आणले. अदलाबदलीच्या रंजक गोष्टीत हा भाग सहसा येत नाही.

रुनचे डचांनी वेगळे केले. इंग्रजांनी हक्क सांगितलाच, तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून तिथली जायफळाची झाडे त्यांनी तोडून टाकली. १६५४ च्या तहात रुन इंग्रजांना परत द्यायचे ठरले, पण अंमलबजावणी रेंगाळत राहिली. म्हणजे ज्या बेटासाठी मॅनहॅटन दिले असे म्हणतात, त्यावर त्या वेळी जायफळ जवळपास नव्हतेच. डचांना हवी होती ती बांदात इंग्रजांना पाय ठेवायला जागा मिळणार नाही याची खात्री.

मॅनहॅटनचेही तसेच. सप्टेंबर १६६४ मध्ये चार इंग्रजी जहाजे न्यू ॲमस्टरडॅमसमोर उभी राहिली आणि गव्हर्नर पीटर स्टायव्हसंटने गोळी न झाडता शहर स्वाधीन केले. शहराचे न्यूयॉर्क झाले ते तेव्हाच. पुढे युद्ध पेटले. १६६७ च्या सुरुवातीला डचांनी दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम जिंकले आणि जूनमध्ये थेट मेडवे नदीत घुसून इंग्रज आरमाराची लाज काढली. ३१ जुलै १६६७ च्या ब्रेडाच्या तहाने तत्त्व एवढेच ठरवले की मे महिन्यात ज्याच्या ताब्यात जे होते ते त्याचेच राहील. या हिशेबाने न्यूयॉर्क इंग्रजांकडे, रुन आणि सुरिनाम डचांकडे. ‘हे घ्या, ते द्या’ असा सौदा त्यात नव्हता. तराजूत घालायचेच तर न्यूयॉर्कसमोर रुनपेक्षा सुरिनामचे उसाचे मळे घालणे जास्त रास्त ठरेल. शिवाय ऑगस्ट १६७३ मध्ये डचांनी न्यूयॉर्क पुन्हा जिंकून त्याला ‘न्यू ऑरेंज’ नाव दिले होते. ते त्यांनी कायमचे सोडले १६७४ च्या वेस्टमिन्स्टर तहात, आणि तेव्हा रुनचा विषय केव्हाच संपलेला होता.

जायफळाची मक्तेदारीही कायम राहिली नाही. बी रुजू नये म्हणून डच जायफळ चुन्यात बुडवून विकत, तरी १७७० च्या सुमारास फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र याने रोपे मॉरिशसला आणवली. नेपोलियनच्या काळातील युद्धांत बांदा इंग्रजांकडे असताना त्यांनी रोपे पेनांग, बेंकुलेन, श्रीलंका अशी नेली. १८४३ मध्ये ग्रेनेडात लागवड झाली आणि आज त्या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे. भारतात मुख्य पीक केरळात, आणि कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक. बीपासून वाढवलेले झाड नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही आणि निम्मी झाडे नर निघतात. म्हणून बागायतदार मादी झाडावरून काडी घेऊन बांधलेली कलमे लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’सारखे वाण त्यासाठीच दिले आहेत.