अर्ध्या इंचाचे अंतर

मर्सी नदीच्या मुखाशी वसलेल्या लिव्हरपूल नगराचा इतिहास हा एका दृष्टीने ओझे उचलण्याचाच इतिहास आहे. भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत उधाणाच्या दिवशी नऊ-दहा मीटरांचा फरक पडणाऱ्या त्या नदीत जहाज स्थिर उभे करून त्यातील माल काढणे हेच मुळात दुष्कर. म्हणून १७१५ साली तेथे दरवाजे लावून पाणी कोंडून धरणारी बंदिस्त गोदी बांधण्यात आली, आणि पुढील दोन शतकांत अशा गोद्यांची रांग नदीकाठाने मैलोगणती पसरत गेली. गुलामांच्या व्यापाराचा कलंकित पैसा, त्या व्यापारास १८०७ साली कायद्याने बंदी झाल्यानंतर अधिकच वाढलेली कापसाची उलाढाल, धान्य, साखर, लाकूड, मांस या साऱ्यांचे पर्यवसान धक्क्यावर अखेर एकाच क्रियेत होत असे : खालची वस्तू वर घ्यावयाची, बाजूस न्यावयाची आणि अलगद खाली ठेवावयाची. ही क्रिया शतकानुशतके माणसाच्या पाठीने आणि खांद्याने केली. १८४६ साली न्यूकॅसल येथे विल्यम आर्मस्ट्राँग याने पाण्याच्या दाबावर चालणारी यारी उभारली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी लिव्हरपूलच्या अल्बर्ट गोदीतील वखारींवर त्याच तत्त्वावरची यंत्रे ओझी उचलू लागली.

या नगराशी आपला संबंध दूरचा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस बंद पडला तेव्हा वऱ्हाड-खानदेशातील गाठी मुंबईच्या बंदरातून लिव्हरपूलला जाऊ लागल्या, आणि तेथल्या बाजारातील भावावर येथील पेढ्यांचे नशीब चढू-उतरू लागले. १८७५ साली ससून गोदी, १८८० साली प्रिन्सेस गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी सुरू होऊन मुंबईही गोद्यांचे शहर झाली. धक्क्यावर याऱ्या आल्या, तरी धक्क्यापासून वखारीपर्यंत आणि वखारीपासून पेठेपर्यंत गोणी चालली ती हमालाच्या पाठीवरून आणि माथाड्याच्या डोक्यावरूनच. त्या कष्टकऱ्यास कायद्याचे छत्र मिळण्यासाठी १९६९ सालचा माथाडी कायदा यावा लागला. यारीचा विचार करताना या पाठीचा विसर पडू नये म्हणून तिचा उल्लेख येथे आरंभीच केला आहे.

अशा या लिव्हरपुलात १८६३ साली फ्रँक हॉर्न्बी याचा जन्म झाला. तो ना इंजिनिअर होता ना कारागीर. मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळणारा कारकून होता, आणि जहाजांतून उतरणाऱ्या मालाचे आकडे वहीत मांडण्यात त्याचे दिवस जात होते. रोलंड आणि डग्लस या आपल्या मुलांसाठी १८९९ च्या सुमारास तो घरीच धातूच्या पत्र्याचे तुकडे कापून पूल, गाडे आणि याऱ्या यांचे नमुने करू लागला. परंतु एका नमुन्यासाठी कापलेला तुकडा दुसऱ्या नमुन्यास उपयोगी पडेना. यारी मोडून पूल करावयाचा तर पत्रा नव्याने कापावा लागे. या अडचणीतूनच त्याला ती कल्पना सुचली, जिच्या साधेपणामुळे तिच्या मोठेपणाकडे आजही आपले सहज दुर्लक्ष होते. सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर सारखीच भोके पाडली, तर कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीस बोल्टाने जोडता येईल. आणि तेच भोक फिरणाऱ्या आसाचे घर म्हणूनही उपयोगी पडेल. हे अंतर त्याने अर्धा इंच ठरविले. लहान नट-बोल्ट मिळेनात, तेव्हा तेही त्याने हातानेच बनविले.

सनद घेण्यास लागणारे पाच पौंड त्याने आपल्या मालकाकडून उसने घेतले, आणि जानेवारी १९०१ मध्ये 'मुलांसाठी व तरुणांसाठी खेळण्यांत किंवा शैक्षणिक साधनांत सुधारणा' अशा आशयाच्या नावाने त्याची नोंद झाली. 'मेकॅनिक्स मेड ईझी' या नावाने बाजारात आलेल्या पहिल्या पेटीत सोळा प्रकारचे भाग होते आणि बारा नमुन्यांचे एक पत्रक होते. किंमत साडेसात शिलिंग. लिव्हरपूल येथे यंत्रशास्त्राचे अध्यापन करणारे प्राध्यापक हेनरी सेल्बी हेल-शॉ यांनी तिच्या शैक्षणिक मूल्याविषयी अनुकूल अभिप्राय दिला, आणि १९०३ सालापर्यंत सुमारे १,५०० पेट्या खपल्या, तरी पदरी नफा पडला नाही. १९०७ साली त्याने नोकरी सोडून ड्यूक स्ट्रीटवर भाड्याची जागा घेतली आणि भाग स्वतः बनविण्यास आरंभ केला; त्याच वर्षी 'मेकॅनो' हे नाव नोंदविले गेले, १९०८ साली कंपनी स्थापन झाली, आणि १९१४ साली बिन्स रोडवर तो कारखाना उभा राहिला ज्याचे नाव पुढे पेट्यांच्या झाकणांवरून जगभर पोहोचले.

या पेटीतील नमुन्यांमध्ये यारीला आरंभापासून मानाचे स्थान होते, आणि माझ्या मते ते योगायोगाने नव्हते. टेबलावर ठेवलेली खेळण्यातील आगगाडी केवळ दिसण्यात आगगाडीसारखी असली तरी मुलाचे समाधान होते. खेळण्यातील यारीला मात्र यारीसारखे दिसून भागत नाही. तिच्या आकड्याला काही तरी अडकवावे लागते, आणि ज्या क्षणी ते अडकते त्या क्षणी ती यारी लहान असली तरी खरीच यारी होते. ओझे उचलले गेले की नाही, ही परीक्षा मुलाला स्वतःलाच करता येते. त्यासाठी शिक्षकाची शिफारस लागत नाही.

ही परीक्षा कशी होते हे मी मोघम सांगणार नाही, कारण जुन्या भागांच्या एका पेटीतून अशी यारी मी स्वतः उभी केली आहे. चार चाकांचा गाडा, त्यावर कोनपट्ट्यांचा मनोरा, मनोऱ्यातून पुढे झुकलेला बाहू, बाहूच्या टोकाशी कप्पी आणि मागे दोर गुंडाळणारा रहाट, इतकीच तिची रचना. पहिल्या खेपेस मी हँडलच्या आसावर एकोणीस दात्यांचे लहान दंतचक्र आणि रहाटाच्या आसावर सत्तावन्न दात्यांचे मोठे दंतचक्र बसविले. या दोन चक्रांची केंद्रे नेमकी एक इंच, म्हणजे दोन भोकांच्या अंतरावर पडतात. आणि पंचवीस दात्यांचे व पन्नास दात्यांचे चक्र घेतले तरीही ती त्याच दोन भोकांत बसतात, त्यामुळे पट्टीचा एक बोल्टही न हलविता तिप्पट बळाची यारी दुप्पट बळाची पण अधिक चपळ करता येते. अर्ध्या इंचाच्या नियमातील सौंदर्य मला प्रथम येथे उमगले.

परंतु आकड्याला किलोचे वजन लावून वर घेतले आणि हँडल सोडले, तोच ओझे भर्रकन खाली आले. बळ तिप्पट झाले होते खरे, पण धरून ठेवण्याची शक्ती तिच्यात नव्हती. मग रहाटाच्या आसावरील त्या सत्तावन्न दात्यांच्या चक्राशी मळसूत्रासारखे आटे असलेले वर्म जोडले. आता हँडलाचे सत्तावन्न फेरे झाले म्हणजे रहाटाचा एक फेरा होई. ओझे मुंगीच्या पावलांनी चढे, पण हात काढून घेतला तरी जेथल्या तेथे लटकत राही, कारण वर्म चक्राला फिरवू शकते, चक्र वर्माला फिरवू शकत नाही. यानंतर नवे संकट आले : ओझे टिकले, पण सबंध गाडाच पुढे कलला. बाहूच्या विरुद्ध बाजूस वजन ठेवावे लागले, आणि समुद्रात बंधारा बांधताना प्रचंड दगडी ठोकळे बसविणाऱ्या भल्यामोठ्या याऱ्यांच्या शेपटाकडे तो अवजड भार का असतो, याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकाविना मिळाले. मेकॅनोने पुढे आपल्या मोठ्या पेट्यांसाठी अशाच ठोकळे बसविणाऱ्या यारीचा नमुना प्रसिद्ध केला होता. शौकीन मंडळींत त्याचा लौकिक अद्याप कायम आहे.

मालवाहू यंत्रांच्या कोणत्याही बांधणी-संचाची परीक्षा मी यावरून ठरविलेल्या तीन प्रश्नांनी करतो. ओझे उचलते काय? उचललेले ओझे हात सोडल्यावर धरते काय? आणि यारी मोडून त्याच भागांतून दुसरे यंत्र उभे राहते काय? बिन्स रोडच्या त्याच कारखान्याने १९३४ पासून 'डिंकी' या नावाने ओतीव धातूच्या तयार मोटारी विकल्या, आणि १९४९ साली त्यांत कॉव्हेंट्री क्लायमॅक्स बनावटीच्या फोर्कलिफ्टची एक देखणी प्रतिकृतीही आली. पण ती हातात घेऊन पाहावयाची वस्तू होती, उभारावयाची नव्हे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाशी ती अडते. याउलट डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७७ साली दंतचक्रांचे आपले तांत्रिक संच प्रथम बाजारात आणले तेव्हा पहिल्या काही संचांत एक फोर्कलिफ्ट होती, आणि तिच्या तुळयांना सारख्या अंतरावर पाडलेली भोके होती. माप बदलले होते, पत्र्याच्या जागी प्लास्टिक आले होते; परंतु जोडणी आणि आसाचे घर या दोन्ही कामांसाठी एकच भोक, हे हॉर्न्बीचे तत्त्व तेथेही अबाधित होते. आपल्याकडील पुष्कळ घरांतून 'मेकॅनिक्स' या नावाच्या पेटीने तेच तत्त्व मराठी मुलांच्या बोटांपर्यंत आणले.

या तत्त्वाचे सामर्थ्य केवळ खेळापुरते नव्हते. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी अवघड गणिती समीकरणे सोडविणाऱ्या यंत्राचा नमुना मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून उभा केला. त्यांना तसे करता आले, याचे कारण त्या भागांचे माप भरवशाचे होते.

आणि त्याच तत्त्वाने पुढे गोद्यांचेही भवितव्य बदलले. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचे 'आयडिअल एक्स' हे जहाज ५८ मोठ्या पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. कालांतराने या कंटेनरांची मापे जगभर एकच ठरली : रुंदी आठ फूट, लांबी वीस किंवा चाळीस फूट, आणि आठही कोपऱ्यांना ठरीव अंतरावर ठरीव आकाराची भोके, ज्यांत यारीची पकड कोणत्याही देशात अचूक बसावी. लिव्हरपूलच्या कारकुनाने मुलांसाठी पत्र्यावर जे केले, तेच आता व्यापाराने पोलादावर केले. गोण्या, पिंपे आणि गाठी सुट्या उचलण्याचे काम संपले, आणि त्याबरोबर जुन्या गोद्याही संपल्या. १९७२ साली अल्बर्ट गोदी बंद पडली; हॉर्न्बी १९३६ सालीच निवर्तला होता, आणि त्याच्या बिन्स रोडच्या कारखान्यास नोव्हेंबर १९७९ मध्ये टाळे लागले. मुंबईच्या समोर न्हावा-शेवा येथे १९८९ साली नवे बंदर सुरू झाले, आणि कंटेनरांचा ओघ हळूहळू जुन्या धक्क्यांकडून खाडीपलीकडे वळला.

या बदलात हजारो गोदी कामगारांचा रोजगार गेला, ही गोष्ट दुःखाची आहे. आणि पाठी मोडणारे ओझे यंत्राने उचलले, ही गोष्ट समाधानाची आहे. मला या दोहोंपैकी एकही गोष्ट सोडवत नाही. म्हणूनच माझ्या टेबलावरच्या त्या यारीचे हँडल सोडल्यानंतरही ओझे जागच्या जागी लटकत राहते, तेव्हा मी ते लगेच खाली उतरवीत नाही. एके काळी हे ओझे धरून उभ्या असलेल्या माणसाला असा हात काढून घेता येत नव्हता.